सतरा इंची चाक आणि परभणीचे रस्ते : सुपरमोटो धाटणीच्या गाडीला टायर कसे निवडावेत

(परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)

विषय छोटा वाटेल. टायर. पण गाडीवर आपण हजारो रुपये खर्च करतो, सायलेन्सर बदलतो, दिवे बदलतो, स्टिकर लावतो आणि टायरच्या वेळी दुकानदाराला म्हणतो, "बसव कुठला तरी चांगला." आज त्या "कुठला तरी"चा हिशेब करू. गाडी घेतली आहे सुपरमोटो धाटणीची आणि रस्ते आहेत आपले.

सुपरमोटो म्हणजे नेमकं काय

डोंगरदऱ्यांत, मातीत उड्या मारायला केलेली गाडी असते. उंच, हलकी, लांब शॉकअपची. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, आणि त्याला बटणाचे टायर. त्याच गाडीची ही चाकं काढून पुढे-मागे १७ इंची रुंद चाकं आणि डांबरावरचे टायर बसवले की झाली सुपरमोटो. या प्रकाराचा उगम अमेरिकेतला. १९७९ साली तिथल्या एबीसी वाहिनीने 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत भरवली. डांबरावरचे, मातीवरचे आणि उड्यांच्या शर्यतीतले स्वार एकाच मिश्र ट्रॅकवर उतरवून सगळ्यांत तयार कोण ते पाहायचं, अशी कल्पना होती. पुढे हा खेळ युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये वाढला.

आपल्याकडे ही आवड दोन वाटांनी आली. २०११ मध्ये हिरोने इम्पल्स आणली, नंतर २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. उंच, हलकी, परवडणारी गाडी लोकांच्या हाती आली. दुसरीकडे २०१२ मध्ये ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस आल्या आणि १७ इंची रुंद टायर मोठ्या शहरांबाहेरच्या दुकानांतही मिळायला लागले. या दोन गोष्टी जुळवून काही पोरांनी एक्सपल्सला १७ इंची चाकं बसवली. खुद्द हिरोनेही एक्सपल्स २०० टी काढली होती. तिला १७ इंची चाकं, पुढे १००/८०-१७ आणि मागे १३०/७०-१७ टायर. तेव्हा कल्पना नवी नाही. ती नीट अमलात आणणं महत्त्वाचं.

पोस्टकार्डाएवढी जमीन

आधी एक गणित. टायरमध्ये २९ पीएसआय हवा आहे म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण २ किलो दाब. गाडी १५८ किलोची, स्वार ७५ किलोचा. बेरीज २३३ किलो. भागिले २. म्हणजे साधारण ११६ चौरस सेंटीमीटर. टायरच्या कडांचा ताठपणा थोडा भार घेतो, त्यामुळे हा आकडा अगदी काटेकोर नाही, पण अंदाज पक्का आहे. पोस्टाचं साधं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचं, म्हणजे १२६. तर दोन्ही चाकं मिळून जमिनीला जेवढी टेकतात ती जागा एका पोस्टकार्डापेक्षाही थोडी कमी. ब्रेक, वळण, वेग, सगळा कारभार त्यावर चालतो.

आता यातली गंमत बघा. या गणितात टायरची रुंदी कुठेच आली नाही. वजन आणि हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर टेकणारी जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो. आधी लांबट होती, आता आडवी होते. रुंद टायरचे फायदे आहेत. गाडी कलल्यावर कडेला रबर जास्त मिळतं, उष्णता पसरते. पण "रुंद टायर म्हणजे दुप्पट पकड" हे खरं नाही. पकड येते रबराच्या जातीतून, हवेतून आणि खाली काय पडलंय यातून.

खाली काय पडलंय

म्हणून टायरच्या आधी रस्ता वाचू. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग गोदावरी, दुधना, पूर्णेच्या काठचा. सपाट, काळ्या मातीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. वर डांबर कितीही चांगलं टाकलं तरी खालची जमीन हलत राहते. म्हणून आपल्याकडे रस्त्याला लाटा येतात, कडा तुटतात. वळणं पाहिजेत तर जिंतूरकडच्या डोंगरात जा, नाहीतर गंगाखेडच्या पुढे बालाघाटाकडे. बाकी पाथरीपासून पूर्णेपर्यंत सरळ रस्ता.

यातून पहिली गोष्ट निघते. सरळ रस्त्यावर टायर मधोमध झिजतो आणि कडा नव्याच राहतात. काही हजार किलोमीटरनंतर टायरची गोलाई जाऊन तो वरून सपाट, चौकोनी होतो. मग वळणावर गाडी कलवली की त्या सपाट भागाच्या काठावर येऊन एकदम कोसळल्यासारखी आत पडते. माणूस घाबरतो आणि दोष शॉकअपला देतो. यावर उपाय म्हणजे दोन जातींच्या रबराचा टायर, मध्ये कडक आणि कडेला मऊ. कंपन्या त्याला ड्युअल कंपाउंड म्हणतात. परभणीच्या माणसाने असा टायर घेण्यात अर्थ आहे. अख्खा मऊ, शर्यतीचा टायर आपल्याकडे मध्येच संपतो.

दुसरी गोष्ट, वरून येणारा कचरा. पावसाळ्यात शेतातून डांबरावर येणारा ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल शंभर-दोनशे मीटर पसरवत जातो. सोयाबीनच्या सुगीत रस्त्यावर दाणे. मळणी रस्त्यावर केली असेल तर ते दाणे बॉल बेअरिंगसारखेच. ऊस सुरू झाला की उसाची कांडकी आणि पाचट. रेल्वे फाटकाच्या लोखंडी पट्ट्या. खडी सुटलेली वळणं.

इथे जिवाचा प्रश्न येतो, म्हणून आकडे सांगतो. ताशी ६० च्या वेगाने ब्रेक मारला आणि पकड चांगली, म्हणजे घर्षणाचा अंक ०.८ धरला, तर गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर ०.५ धरला तर २८ मीटर. चिखलाच्या थरावर ०.२५ धरला तर ५६ मीटर. हे अंतर ब्रेक लागल्यानंतरचं. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत आणखी १५-२० मीटर जातातच. रात्रीच्या वेळी, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे उभी असेल तर १८ आणि ५६ मधला फरक म्हणजे घरी पोचणं आणि न पोचणं.

आणि एक स्पष्ट सांगतो. काळ्या मातीच्या ओल्या चिखलावर कुठलाही रस्त्याचा टायर चालत नाही. नक्षी कितीही खोल असली तरी दोन फेऱ्यांत ती भरते आणि टायर गोटा झाल्यासारखाच होतो. बटणाचे टायर थोडे बरे, पण त्यांच्याही बटणांमध्ये ही माती गच्च बसते. तिथे उपाय एकच, वेग उतरवून ठेवणं. सुपरमोटो केलीत तर हे मान्य करूनच करा. शेतात रोज गाडी न्यायची असेल तर ही चाकं तुमच्यासाठी नाहीत.

माप कसं ठरवायचं

टायरवर लिहिलेलं असतं, समजा, १४०/७०-१७ ६६ एस. १४० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ६६ हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ ३०० किलो. एस हा वेगाचा, ताशी १८० पर्यंत. पी म्हणजे १५०, एच म्हणजे २१०. भार आणि वेग हे दोन्ही आकडे कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. जास्त चालतील.

आता एक्सपल्सचं उदाहरण घेऊ. मूळ टायर पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८. त्यांचा बाहेरचा व्यास होतो पुढे सुमारे ६९५ मिलिमीटर, मागे ६४९. समजा आपण पुढे ११०/७०-१७ आणि मागे १३०/७०-१७ बसवले. नवे व्यास ५८६ आणि ६१४. व्यासाच्या निम्म्याने गाडी खाली येते. म्हणजे पुढे ५५ मिलिमीटर आणि मागे १८. नीट बघा, पुढचा भाग मागच्यापेक्षा ३७ मिलिमीटर जास्त खाली आला. चाकांमधलं अंतर १४१० धरलं तर गाडी पुढे साधारण दीड अंशाने झुकली. दीड अंश कानाला काहीच वाटत नाही, पण हँडलचा काटा तेवढा उभा होतो. गाडी शहरात झटकन वळते आणि मोकळ्या रस्त्यावर ८०-९० ला हँडल चुळबुळ करायला लागतं. लाटा आलेल्या आपल्या रस्त्यावर तर जास्तच. म्हणून नुसती चाकं बदलून भागत नाही. मागचा भागही जमेल तेवढा खाली घेऊन मेळ बसवावा लागतो, आणि ते जाणत्या मिस्त्रीकडूनच.

आणखी दोन परिणाम. ज्या गाडीत वेग पुढच्या चाकावरून मोजला जातो तिथे मीटर जवळपास १९ टक्के जास्त दाखवेल. खरे ६० असतील तर मीटरवर ७१. अंतरही तसंच फुगेल. दुसरं, पुढच्या चाकाला एबीएसची दातेरी चकती आणि सेन्सर असतो. नवीन चाकावर तीच चकती, त्याच अंतरावर बसली पाहिजे. "एबीएसचा दिवा लागतोय, लागू दे" असं म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळच मिळत नाही.

माप ठरवताना माझा सल्ला : दीडशे ते दोनशे सीसीच्या गाडीला पुढे १००/८०-१७ किंवा ११०/७०-१७ आणि मागे १३०/७०-१७, फार तर १४०/७०-१७. पुढे १२०/७०, मागे १५०/६० किंवा १६०/६० ही मापं मोठ्या, ताकदवान सुपरमोटोची. १३०/७०-१७ चा एक व्यावहारिक फायदा आहे. एनएस २००, अपाचे आरटीआर २०० अशा नेहमीच्या गाड्यांना हेच माप. उद्या सोनपेठजवळ टायर फाटला तर गंगाखेडात किंवा परभणीत मिळण्याची आशा असते. जे माप फक्त पुण्याहून मागवावं लागतं ते रोजच्या गाडीला घेऊ नये.

रबर, थर आणि हलकी गाडी

टायरच्या पोटात धाग्यांचे थर असतात. ते तिरपे, एकमेकांवर आडवे घातलेले असतील तर तो बायस, म्हणजे साधा टायर. काठापासून काठापर्यंत सरळ असतील तर रेडियल. मापात मध्ये नुसती रेघ असेल तर साधा, आर असेल तर रेडियल. रेडियल वेगात कमी तापतो, रस्त्याला छान बसतो. साध्याच्या कडा ताठ असतात, खड्ड्यात मार सोसतात आणि खिशालाही हलके. आपल्या रस्त्यांवर १८-२० अश्वशक्तीच्या गाडीला चांगला साधा टायर पुरतो. रेडियल घ्यायचा तर दोन्ही चाकांना घ्या. पुढे एक जात, मागे दुसरी, असं कंपनीने सांगितल्याशिवाय करू नका.

शर्यतीच्या मऊ टायरचा मोह अनेकांना होतो. तो टायर तापला की पकडतो. दोनशे किलोच्या, भरपूर ताकदीच्या गाडीखाली तो तापतो. आपली गाडी हलकी, ताकद कमी. मे महिन्यात डांबरच त्याला तापवेल, ते खरं. पण डिसेंबरची सकाळ आठवा. थंडीत कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्राचा पारा पेपरात येतो, तो बऱ्याचदा एक आकडी असतो. त्या वेळी कॉलेजला निघालात तर तो महाग टायर प्लास्टिकसारखा कडक असेल. म्हणून सिलिका असलेला, स्पोर्ट-टूरिंग जातीचा टायर बघा. थंडीत आणि ओल्यात लवकर पकडतो, उन्हाळ्यात टिकतो.

हवा : एक जुना गैरसमज

आपल्याकडे ऐकतो, "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरच्या कडा प्रत्येक फेरीला जास्त वाकतात. वाकण्यातून उष्णता होते, आणि उष्णतेनेच टायर मरतो. कंपनी जो आकडा देते तो गार टायरचा असतो आणि तापल्यावर वाढणारा दाब त्यात धरलेला असतो. २५ अंशाला २९ पीएसआय भरले आणि टायर ६० अंशांवर गेला तर आकडा साधारण ३४ होतो. तो तसाच राहू द्या. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडून २९ केलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती २४-२५ भरेल.

तेव्हा हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी बघा. स्वतःचा गेज ठेवा. आकडा गाडीच्या चिमट्यावर किंवा चेनकव्हरवरच्या पट्टीवर असतो. माप बदललं असेल तर २८-२९ पासून सुरुवात करा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात दोन-तीन वाढवा.

काटे, खड्डे आणि रिम

बाभळीचा काटा आपल्या पाचवीला पुजलेला. ट्यूबला काटा लागला की हवा भसकन जाऊ शकते. ट्यूबलेसमध्ये काटा तिथेच रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते. तुम्हाला गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. साध्या तारांच्या चाकाला मात्र ट्यूबच लागते, कारण तारांच्या भोकांतून हवा जाते. मॅकव्हील बसवलं तर ट्यूबलेस चालतो, पण जोराचा खड्डा लागला की मॅकव्हील वाकतं किंवा तडकतं. तारांचं चाक मिस्त्री सरळ करून देतो. एका बाजूला काटा, एका बाजूला खड्डा. रोज मोठ्या रस्त्यावर असाल तर मॅकव्हील आणि ट्यूबलेस. आडगावच्या रस्त्याने जाणं जास्त असेल तर तारा, चांगली ट्यूब आणि सोबत पंक्चरचं सामान.

दुकानात काय बघायचं

चार गोष्टी. एक, आयएसआयची खूण. ती कायद्याने बंधनकारक आहे. दोन, तारीख. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात उन्हात पडलेला टायर स्वस्तात मिळाला तरी नको. तीन, फिरण्याच्या दिशेचा बाण. बसवल्यावर बाण पुढे फिरला पाहिजे. चार, बॅलन्सिंग. १७ इंची रुंद चाकाला ते करून घ्याच.

नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवा. वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत तो घसरतो. कायद्याप्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र त्याच्या बऱ्याच आधी बदला. पाच वर्षं झाली की दरवर्षी भेगा तपासा. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका.

कायद्याचं एक वाक्य. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. चाकाचा व्यास बदलण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा. अपघातानंतर विचारलं तर उत्तर महाग पडतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, मागं १५० चा टायर लई भारी दिसायला. माझी रिम तीन इंचाचीच हाय. चालंल का?

उत्तर : नाही चालणार. १५०/६० ला साडेतीन ते साडेचार इंची रिम लागते. तीन इंचात तो कोंबला की कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि मधली टेकण्याची जागा उलट कमी होते. चिमट्याला आणि चेनला घासेल ते वेगळंच. त्या रिमला १३० पर्यंत थांबा.

प्रश्न : मी रोज सेलूहून येते. गाडी २१ इंची चाकाचीच आहे. चाकं न बदलता काही करता येईल का?

उत्तर : तुमच्यासाठी तोच उत्तम मार्ग आहे. मूळ मापातच बटणं कमी आणि रबर जास्त असलेला, रस्त्याकडे झुकणारा टायर बघा. मीटर, एबीएस, उंची, कायदा, कशालाच धक्का नाही. २१ इंची चाक खड्ड्यावरून सहज जातं, हा त्याचा गुण राहतो. वळणावर सतरा इंचीची मजा येणार नाही, पण ओल्यातला ब्रेक नक्की सुधारेल.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का?

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच. फुकट मिळाला तर भरा. पैसे देण्यापेक्षा गेज घ्या आणि आठवड्याला एकदा बघा.

प्रश्न : पैसे एकाच टायरपुरते आहेत. आधी कुठला बदलू?

उत्तर : जो जास्त खराब आहे तो. दोन्ही सारखेच झिजले असतील तर पुढचा. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक सरकलं तर माणूस कधीकधी सावरतो, पुढचं सरकलं तर क्वचितच. आणि मागच्यासाठी पैसे जमेपर्यंत ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवा. रिमोल्ड केलेला किंवा कोणीतरी काढून टाकलेला टायर मधल्या काळापुरता म्हणूनसुद्धा बसवू नका.

वेळ झाली. बाहेर गाड्या लावल्या आहेत. ज्यांना आपल्या टायरची तारीख आणि भाराचा आकडा वाचून घ्यायचा आहे त्यांनी थांबा, एकेक करून बघू.